सुतारकाम शिकायचंय? मुलींनी आणि बायकांनी सुरुवात कुठून करावी

सुतारकाम शिकावंसं वाटणाऱ्या बायकांकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "माझ्या हातात तेवढा जोर नाही." ही शंका आधी मनातून काढा. रंधा अडतो, करवत वाकडी जाते, पटाशी लाकडात रुतून बसते, तेव्हा बहुतेक वेळा दोष दंडाचा नसतो. हत्याराला धार नसते, टेबल तुमच्या उंचीचं नसतं, नाहीतर फळी उलट्या बाजूने तासली जात असते. तिन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात, आणि त्या दुरुस्त कशा करायच्या हेच मुख्यतः या लेखात सांगितलं आहे. उरलेला भाग सोबतीबद्दल आहे, कारण हे काम एकटीने शिकणं शक्य असलं तरी फार हळू होतं.

शरीराची अडचण वाटत असेल तर अमेरिकेतल्या वेंडी मारुयामा यांचं नाव लक्षात ठेवा. त्यांना जन्मापासून ऐकू कमी येतं आणि सेरेब्रल पाल्सीही आहे. १९८० साली त्यांनी रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून फर्निचर घडवण्यातली पदव्युत्तर पदवी घेतली. त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. पुढे त्यांनी सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत वर्षानुवर्षं फर्निचर विभाग सांभाळला.

आधी वाट निवडा

सुतारकाम म्हणजे एकच काम नाही. ओल्या, नुकत्याच तोडलेल्या लाकडातून चाकूने चमचे, वाडगे कोरणं ही एक वाट. तिला दोन-तीन हत्यारं आणि बसायला जागा एवढंच लागतं. लेथवर लाकूड फिरवून गोल वस्तू काढणं ही दुसरी. यात मजा लवकर येते, पण यंत्र महाग आणि शिकवणारं कुणीतरी शेजारी हवंच. हातहत्यारांनी डबे, स्टूल, कपाटं करणं ही तिसरी, आणि विजेच्या यंत्रांवर फर्निचर करणं ही चौथी.

घट्ट ठरवता येत नसेल तर हातहत्यारांपासून सुरुवात करा, असं मी आग्रहाने सांगेन. आवाज कमी, हवेत उडणारी बारीक धूळ कमी, लहानशा खोलीत काम होतं, आणि चूक होत असते तेव्हा ती होताना दिसते. टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या पात्याच्या करवतीवर, तीच चूक डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जाते. शिवाय हाताने काम केलेल्या बाईला लाकडाचा स्वभाव कळतो आणि तो नंतर यंत्रावरही उपयोगी पडतो.

शिकायची जागा कशी पारखायची

वर्गाचे पैसे भरण्याआधी तिथे तासभर जाऊन उभ्या राहा. परवानगी मागितली तर चांगल्या कार्यशाळेत नाही म्हणत नाहीत. उभं राहून एकच गोष्ट नीट बघा: विद्यार्थिनीचं काम अडलं की शिकवणारा काय करतो? तो तिच्या हातातून करवत घेऊन "बघ, असं" म्हणत स्वतःच कापून देत असेल, तर तिथे तुम्हाला वस्तू मिळेल, कसब मिळणार नाही. चांगला शिक्षक आपल्या वेगळ्या तुकड्यावर एकदा करून दाखवतो, मग तुमच्या कोपराकडे, पावलांकडे बघत तोंडाने सांगतो. हा फरक बायकांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे, कारण मदतीच्या नावाखाली हत्यार काढून घेण्याची सवय लोकांना आपल्याच बाबतीत जास्त असते. कुणी हात पुढे केला तर शांतपणे म्हणा, "तोंडाने सांगा, मी करते." दोनदा म्हटलं की समोरच्याला कळतं.

बाकी विचारायचे प्रश्न असे: एका शिक्षकामागे किती जण? टेबलांची उंची कमी-जास्त होते का, किंवा खाली फळ्या टाकून उभं राहायची सोय आहे का? धूळ ओढून घेणारं यंत्र आहे का? वर्ग संपल्यावर सरावाला येता येतं का? हा शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. दोन दिवसांच्या वर्गात हाताला सवय लागत नाही, ती नंतरच्या सरावाने लागते.

फक्त बायकांचे वर्ग चांगले की मिश्र? मिळत असेल तर पहिला वर्ग बायकांचाच घ्या. तिथे अडखळायची मोकळीक असते आणि एकीच्या चुकीवरून सगळ्या बायकांची पारख होत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये सारा मॅरेज या फर्निचर घडवणाऱ्या बाईंनी 'अ वर्कशॉप ऑफ अवर ओन' ही स्त्रियांसाठी आणि लिंगभेदामुळे बाजूला पडणाऱ्यांसाठी कार्यशाळा याच गरजेतून उभी केली. पण तिथेच कायम थांबू नका. जुन्या, मुरलेल्या सुतारांकडे फार मोठं ज्ञान असतं आणि ते पुस्तकात मिळत नाही. एखाद्या सुताराच्या वेळेचे पैसे देऊन त्याच्याकडे अर्धा दिवस बसा. तो उभा कसा राहतो, फळी उलटून पालटून कशी बघतो, हे बघण्यात तो अर्धा दिवस घालवा.

टेबलाची उंची

तयार मिळणारी सुतारकामाची टेबलं साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर उंच असतात. पाच फूट उंचीच्या बाईने त्यावर रंधा मारायचा म्हटलं तर तिचे खांदे वर चढतात, कोपर बाहेर जातं आणि सगळा भार मनगटावर येतो. पंधरा मिनिटांत ती दमते आणि "मला जमत नाही" या निष्कर्षाला येते.

मापायची पद्धत सोपी आहे. नेहमी काम करताना घालता ते बूट घालून सरळ उभ्या राहा, हात सैल सोडा. करंगळी तळहाताला मिळते तिथपासून मनगटाच्या घडीपर्यंत जी उंची येते, तिच्या मधे रंध्याचं टेबल असावं. पाच फुटांच्या बाईला ते ७० सेंटिमीटरच्या आसपास येतं. पटाशीने बारीक काम करायला किंवा सांधे कापायला मात्र टेबल याहून बरंच उंच हवं, म्हणजे वाकावं लागत नाही. दोन टेबलं कुणाकडे नसतात, म्हणून कमी उंचीचं टेबल करून बारीक कामासाठी वर एक छोटा पाटासारखा ठोकळा ठेवतात. टेबल बदलता येत नसेल तर पायाखाली मजबूत, न हलणारा चौथरा घ्या.

रंधा मारताना एक पाय पुढे, एक मागे. रंध्यामागे कोपर सरळ रेषेत. हाताने ढकलायचं नाही, मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर न्यायचं. हात फक्त दिशा देतात. हे जमलं की साठ किलोची बाई साठ किलोच्या वजनाने रंधा मारते. मग दंड केवढा आहे याला काही अर्थ उरत नाही.

पहिली हत्यारं

मोठा संच विकत घेऊ नका. त्यातली निम्मी हत्यारं पडून राहतात. सुरुवातीला लागतं ते असं: ६, १२ आणि २० मिलिमीटरच्या तीन पटाश्या, एक करवत, एक लहान रंधा, काटकोन बघायचा एक गुण्या, कडेला समांतर रेघ मारायचा एक मार्किंग गेज, खूण करायचा धारदार चाकू, लाकडी मोगरी, तुकडे आवळून धरणारे दोन-चार क्लॅम्प आणि धार लावायचे दोन दगड.

करवतीबद्दल थोडं सविस्तर. युरोपी पद्धतीची करवत पुढे ढकलताना कापते, जपानी करवत मागे ओढताना. ओढताना पातं ताणलं जातं, त्यामुळे ते पातळ ठेवता येतं, आणि पातळ पात्याला कमी लाकूड काढावं लागतं. नवशिक्यांना म्हणून ती पटकन जमते. रयोबा नावाच्या जपानी करवतीला दोन्ही कडांना दात असतात. एक कड लाकडातल्या तंतूंच्या रेषांच्या दिशेने चिरायला, दुसरी रेषांना आडवं कापायला. एवढी एक करवत पहिलं वर्षभर पुरते. तिचे दात मात्र घरी घासून लावता येण्यासारखे नसतात, ते बोथट झाले की पातं बदलायचं.

हत्यार घेताना मूठ हातात धरून बघा. करवतीची मूठ मोठी असली की आपण नकळत आवळून धरतो आणि मनगट ताठ होतं. रंध्यांमध्ये सगळीकडे चार नंबरचा घ्या असं सांगतात, त्याचं पातं दोन इंच रुंद असतं. हात लहान असेल तर तीन नंबरचा बघा, पातं पावणेदोन इंचाचं, वजन कमी. त्याहून लहान ब्लॉक रंधा एका हातात मावतो आणि पहिल्या कामांना पुरतो. जुनी, वापरलेली हत्यारं घ्यायला हरकत नाही. गंज वरवरचा असेल तर निघतो. पात्याच्या पाठीवर धारेजवळ खोल खड्डे असतील तर सोडून द्या.

धार: इथे घाई नको

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. दुकानातून आलेली नवी पटाशी बहुधा कामाला लागण्याइतकी धारदार नसते, आणि बोथट पटाशीला जोर लावावा लागतो. जोर लावलेली पटाशी सटकली की हात कापतो. म्हणजे धारदार हत्यार हेच जास्त सुरक्षित.

दोन दगड घ्या, एक १००० ग्रिटचा, एक ४००० ते ८००० मधला कुठलाही (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). दगड नसतील तर जाड काचेवर बारीक होत जाणारे पॉलिश पेपर चिकटवूनही काम होतं. आधी पटाशीची सपाट पाठ दगडावर टेकवा आणि टोकाकडचा दोन-अडीच सेंटिमीटर भाग घासा. तिथे एकसारखी चमक दिसेपर्यंत थांबायचं नाही. हे काम प्रत्येक पटाशीला आयुष्यात एकदाच करावं लागतं, पण ते टाळलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मग उतरती बाजू. तिचा कोन साधारण २५ अंशांचा असतो. ती दगडावर ठेवून पटाशी किंचित पुढेमागे डोलवा. एका जागी ती "बसते", ते हाताला कळतं. तिथून मूठ अंगठ्याच्या नखाएवढी वर उचला म्हणजे धारेशी सुमारे ३० अंशांचा अरुंद पट्टा तयार होतो. दोन बोटं अगदी धारेजवळ दाबा आणि मनगट न हलवता खांद्यापासून पुढेमागे न्या. कोन सांभाळता येत नसेल तर चाक असलेली धारेची गाइड वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

थांबायचं कधी? पाठीवरून धारेच्या बाहेरच्या दिशेने बोट हलकेच फिरवा, धारेच्या बाजूने कधीच नाही. टोकाला तारेसारखी बारीक खरखर लागते, तिला बर म्हणतात. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मधे कुठे लागत नसेल तर तिथपर्यंत धार पोचलेली नाही. बर आली की बारीक दगडावर तेच करा, मग पाठ सपाट ठेवून दोन-तीनदा ओढा, म्हणजे बर निघून जाते. शेवटी कातड्याच्या पट्टीवर मागे ओढत आठ-दहा हात.

पारखायला पाइनसारख्या मऊ लाकडाचा तुकडा घ्या आणि त्याच्या टोकाच्या बाजूने, जिथे तंतूंची तोंडं दिसतात तिथे, पातळ काप काढा. मऊ लाकूड मुद्दाम, कारण ते चिरडायला सोपं असतं. पृष्ठभाग गुळगुळीत आणि थोडा चमकदार आला तर धार आहे. पांढुरका, भुरभुरीत, तंतू उपटलेले दिसले तर परत दगडाकडे. काम करताना दर अर्ध्या तासाने धार बघायची सवय लावून घ्या. पाण्याचे दगड मधे खोल होतात, तेव्हा त्यावर पेन्सिलीने जाळी आखून सपाट प्लेटवर घासा, रेघा सगळ्या गेल्या की दगड सपाट झाला.

लाकूड हलतं

तोडलेलं लाकूड वाळतं तेव्हा आधी पेशींच्या पोकळीतलं पाणी जातं. तोवर त्याचा आकार बदलत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंती सुकू लागतात आणि लाकूड आक्रसतं. लांबीत हा फरक जवळपास नसतोच. रुंदीत असतो, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने तो वलयांना आडव्या दिशेच्या साधारण दुप्पट असतो. म्हणूनच फळ्या पन्हाळीसारख्या वाकतात. वाळलेलं लाकूडही पावसाळी हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, आणि हे कायम चालू राहतं. आणलेलं लाकूड काम करायच्या खोलीत दोन-तीन आठवडे हवा लागेल असं ठेवा, मगच कापा.

रंधा मारण्याआधी फळीची कड बघा. कडेवरच्या रेषा ज्या दिशेला वर चढत जातात, त्या दिशेने रंधा न्यायचा. उलट नेलात तर पातं रेषांच्या पोटात शिरतं आणि लाकूड उचकटतं. गाठीभोवती रेषा दिशा बदलतात, तिथे पातं अगदी कमी बाहेर काढा. सुरुवातीला सरळ रेषांचं मऊ लाकूड घ्या.

पहिली वस्तू: बेंच हुक

डबा नको, स्टूल नको. आधी बेंच हुक करा. करवतीने कापताना तुकडा धरून ठेवणारी ही छोटी फळी पुढच्या प्रत्येक कामात लागते, आणि ती करताना आखणं, कापणं, काटकोन बघणं, चिकटवणं हे सगळं एकदा होतं.

एक फळी घ्या, २५ सेंटिमीटर लांब, १५ रुंद, सुमारे २ जाड. त्याशिवाय तीनेक सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या, १२ सेंटिमीटर लांबीच्या. पट्टी कापायची रेघ पेन्सिलीने नाही, चाकूने मारा. गुण्या घट्ट धरा, पहिला हात अगदी हलका, मग दोन-तीनदा तीच रेघ खोल करा. आता जो भाग टाकून द्यायचा आहे त्या बाजूने पटाशी तिरपी धरून रेघेपर्यंत एक पातळ साल काढा. रेघेशी एक छोटी उभी भिंत तयार होते. करवतीचं पातं त्या भिंतीला टेकतं आणि घसरत नाही. नवशिक्या हाताला सरळ कापायला याहून मोठी मदत मी पाहिलेली नाही.

मूठ सैल धरा, तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ ठेवा म्हणजे करवत तिच्या मागे जाते. पहिले दोन-तीन हात फक्त खूण पडण्यापुरते, मग पात्याची पूर्ण लांबी वापरा. करवतीला दाबू नका, तिचं स्वतःचं वजन पुरतं.

एक पट्टी फळीच्या वरच्या अंगाला, तुमच्यापासून लांबच्या टोकाशी, आणि दुसरी खालच्या अंगाला जवळच्या टोकाशी. खालची टेबलाच्या कडेला अडकते. वरची पट्टी उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डाव्या कडेला लावावी, म्हणजे उजवीकडे तीन सेंटिमीटर मोकळे राहतात आणि करवत टेबलाऐवजी फळीत उतरते. डावखुऱ्यांनी उलट. वरची पट्टी फळीच्या कडेशी बरोब्बर काटकोनात आहे ना, ते चिकटवण्याआधी गुण्याने दोनदा बघा. पट्टीतल्या रेषा फळीतल्या रेषांना आडव्या जातात, म्हणून पूर्ण लांबीला गोंद लावू नका. मधल्या पाच-सहा सेंटिमीटरला लावा, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. क्लॅम्प लावून रात्रभर ठेवा.

यंत्रं आणि धूळ

विजेच्या यंत्रांवर पहिल्या वेळी अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय हात ठेवू नका. टेबल सॉमध्ये लाकूड पात्याच्या मागच्या बाजूला अडकलं की ते जोरात तुमच्याकडे फेकलं जातं. पात्यामागची रायव्हिंग नाइफ नावाची धातूची पट्टी ते टाळण्यासाठीच असते, कुणी ती काढून ठेवलेली असेल तर त्या यंत्रावर काम करू नका. पात्याच्या सरळ रेषेत उभ्या राहू नका, लहान तुकडा ढकलायला काठी वापरा. केस बांधलेले, बाह्या घट्ट, हातातले-गळ्यातले दागिने काढलेले. फिरणाऱ्या यंत्राशी हातमोजे घालायचे नाहीत, ते हाताला आत ओढतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली आहे, म्हणून मास्क हा चैनीचा विषय नाही. अनेक मास्क मोठ्या चेहऱ्याच्या मापाने बनतात. लहान माप मागून घ्या, घातल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडा. नाकाच्या किंवा गालाच्या बाजूने हवा निसटली तर तो तुमचा मास्क नव्हे.

आणि जवसाच्या तेलाचा हात दिल्यावर चिंध्या गोळा करून ठेवू नका. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

सोबत जमवताना

सोबत मिळेल तेव्हा मिळेल असं म्हणत बसू नका. शिकत असतानाच तीन-चार जणी एकत्र या. दगड, मोठे क्लॅम्प, लांब रंधा ही रोज न लागणारी हत्यारं वाटून घेता येतात आणि प्रत्येकीचा खर्च निम्म्याहून कमी होतो. महिन्यातून एकदा फक्त धार लावायला भेटा. धारेचं काम एकटीने कंटाळवाणं होतं, चौघींत ते गप्पांमध्ये होऊन जातं, आणि दुसरीची बर बोटाने बघून स्वतःची कळते.

भेटीला जाताना बिघडलेला सांधा सोबत न्या, फोटो नको. फट कुठे पडली, कुठल्या बाजूने सांध्याचा खांदा (दुसरा तुकडा जिथे टेकतो ती बाजू) तिरका कापला गेला, हे हातात घेऊन फिरवल्याशिवाय सांगता येत नाही. प्रश्नही नेमका विचारा: "हे चांगलं झालंय का?" यापेक्षा "इथे डावीकडेच फट का पडते?" याला उपयोगी उत्तर मिळतं.

स्वीडनमध्ये नेएस इथे ओट्टो सालोमन यांच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशोदेशींच्या शिक्षक-शिक्षिका लाकूडकाम शिकायला जमत, आणि परत जाऊन आपापल्या शाळांत शिकवत. शिकलेलं लगेच पुढच्या हातात देण्याची ती पद्धत आजही सगळ्यात चांगली चालते. तुम्हाला धार लावता यायला लागली की नव्या मुलीला शिकवायला बसा. शिकवताना तुमच्याच हाताच्या चुका तुम्हाला दिसतील.

बेंच हुकनंतर मोगरी करा, मग खिळे न वापरता एक साधा डबा, मग स्वतःच्या उंचीचा चौथरा किंवा टेबल. स्टूल त्यानंतर. खुर्ची मात्र लांबवा: तिच्यात पाय आणि पाठ तिरके बसतात, गुण्याऐवजी तिरक्या कोनाचा मापक लागतो, आणि पहिली खुर्ची आखताना आधी एखादी केलेली मैत्रीण समोर असलेली बरी.